उपमा, उत्प्रेक्षा, रूपक : विज्ञानाच्या संशोधकाने अलंकार का शिकावेत?



अलंकार म्हटलं की शाळेतला मराठीचा पेपर आठवतो. 'सारखा' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, गुण पक्के. विज्ञान शाखेला आल्यावर मीही ते सगळं मागे टाकलं होतं. मग पीएचडीच्या सिनॉप्सिसचा पहिला मसुदा मार्गदर्शकांना दाखवला. त्यात एक वाक्य होतं : 'प्रतिजैविक दिल्यावर जीवाणू त्याचा प्रतिकार करायला शिकतात.' मॅडमनी 'शिकतात' या शब्दाखाली रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'कोण शिकतं? कधी?'

त्या दोन प्रश्नांनी मला पुन्हा अलंकारांकडे आणलं. आधी संज्ञा बघू, मग त्या वाक्याकडे येऊ.

उपमा. 'पेशीपटल चाळणीसारखं निवडून आत सोडतं.' यात चार भाग आहेत. ज्याबद्दल बोलतोय ते पेशीपटल म्हणजे उपमेय. ज्याच्याशी तुलना केली ती चाळणी म्हणजे उपमान. दोघांमधला समान गुण, म्हणजे निवडून आत सोडणं, हा साधारण धर्म. आणि 'सारखं' हा साधर्म्यवाचक शब्द. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाने १९३६ साली रूपकाचे दोन भाग करून त्यांना 'टेनर' आणि 'व्हेइकल' अशी नावं दिली. ती साधारणपणे आपली उपमेय आणि उपमान. संशोधनात सगळ्यात महत्त्वाचा भाग साधारण धर्म, कारण तुलना तिथपर्यंतच खरी असते. चाळणी फक्त आकार बघते; पेशीपटल विद्युतभारही बघतं आणि काही पदार्थ ऊर्जा खर्च करून आत घेतं.

उत्प्रेक्षा. उपमेय हे जणू उपमानच आहे अशी कल्पना. 'एन्झाइम म्हणजे जणू कुलूप आणि सबस्ट्रेट म्हणजे जणू त्याची किल्लीच.' ही कुलूप-किल्लीची तुलना एमिल फिशर यांनी १८९४ साली मांडली. पण कुलूप आपला आकार बदलत नाही. १९५८ साली डॅनियल कॉशलँड यांनी असं मांडलं की सबस्ट्रेट जोडला जाताना एन्झाइमचा आकारही बदलू शकतो, हात घातल्यावर हातमोजा बदलतो तसा. उपमान बदललं, कारण सिद्धांतच बदलला होता.

रूपक. इथे 'सारखं' नाही, 'जणू'ही नाही; दोन्ही एकच. 'डीएनए हा पेशीचा आराखडा आहे.' धोका इथे वाढतो. तुलना चालू आहे याची आठवण करून देणारा शब्दच गळालेला असतो, आणि वाचणारा ते वाक्य व्याख्या म्हणून पाठ करतो.

चेतनगुणोक्ती. निर्जीव गोष्ट सजीवासारखी, माणसासारखी वागते असं दाखवणं. 'निसर्ग योग्य जीवांची निवड करतो.' डार्विनच्या 'नॅचरल सिलेक्शन' या शब्दांवर वॉलेस यांची हीच हरकत होती : वाचकाला वाटतं, कुणीतरी बसून निवडतंय. १८६६ साली त्यांनी डार्विनना पत्र लिहून स्पेन्सरचा 'सर्वायव्हल ऑफ द फिटेस्ट' हा शब्दप्रयोग वापरायचं सुचवलं. १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत डार्विननी तो घेतला, पण जुना शब्दही ठेवला.

आता माझं वाक्य. जीवाणू सजीवच, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर हे मानवीकरण. पण 'शिकतात' म्हटलं की अर्थ असा होतो : आधी औषध आलं, मग त्याला उत्तर म्हणून बदल झाला. हे विधान तपासता येतं, आणि लुरिया व डेलब्रुक यांनी १९४३ साली जीवाणूंवर हल्ला करणारे विषाणू वापरून ते तपासलं. जीवाणू विषाणू भेटल्यानंतर बदलत असतील, तर वेगवेगळ्या नळ्यांमध्ये वाढवलेल्या जीवाणूंत प्रतिकारक्षम जीवाणूंची संख्या साधारण सारखी यायला हवी. बदल आधीच, योगायोगाने होत असेल, तर एखाद्या नळीत तो लवकर होऊन खूप पसरेल आणि एखादीत होणारच नाही. म्हणजे संख्येत मोठा फरक पडेल. फरक मोठाच पडला. बदल आधीपासून होते, विषाणूंनी फक्त बाकीच्यांना मारलं.

आणि मी काय केलं होतं? नमुने फक्त औषध दिल्यानंतर घ्यायचे असं लिहिलं होतं. आधीच्या नमुन्यांचा विचारच नव्हता, कारण 'शिकतात' या शब्दाने उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं. एका अलंकाराने माझी संशोधन पद्धती चुकवली होती. मसुद्यातच सापडलं म्हणून बरं, नाहीतर वर्षभराचं काम वाया गेलं असतं.

म्हणजे अलंकार वापरायचेच नाहीत का? तसं नाही. त्यांच्याशिवाय विज्ञान समजावताही येत नाही. फक्त तुमच्या मसुद्यातलं प्रत्येक अलंकारिक वाक्य घ्या आणि तीन प्रश्न विचारा :

१. यात उपमेय कोणतं, उपमान कोणतं?
२. साधारण धर्म कोणता, आणि तुलना कुठे तुटते?
३. क्रियापदाने कुणाला नसलेली इच्छा, बुद्धी किंवा हेतू दिला आहे का?

सुरुवात क्रियापदांपासून करा. 'ठरवतात', 'शिकतात', 'प्रयत्न करतात' हे शब्द शोधून त्यांच्याखाली रेघ ओढा. माझं दुरुस्त वाक्य आता असं आहे : 'प्रतिजैविकामुळे संवेदनशील जीवाणू मरतात आणि आधीपासून प्रतिकारक्षम असलेले वाढतात.' कानाला थोडं रुक्ष वाटतं खरं, पण नमुने कधी घ्यायचे ते त्यातूनच कळतं.