ढोलाविना मशकबीन

अर्ज भरायला आलेल्या पहिल्याच वादकाने आमच्या स्पर्धेतला सर्वांत मोठा दोष दोन मिनिटांत दाखवून दिला. ‘एकल मशकबीन वादन, प्रत्येकी सात मिनिटे’ असे आम्ही नियमपत्रिकेवर छापले होते. सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांनी ते नातवाकडून वाचून घेतले आणि विचारले, ‘‘आणि ढोल कोण वाजवणार?’’ ढोल नसेल, असे सांगितल्यावर ते हसले. मग आपण विनोद करत नाही आहोत, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी अर्ज नातवाच्या हाती परत दिला. त्यांचे मन वळवायला मला त्यांच्या गावी दोनदा चढून जावे लागले.

मशकबीन म्हणजे बॅगपाइप. उरलेल्या भारताला हे वाद्य बहुधा 29 जानेवारीच्या संध्याकाळी, दिल्लीच्या विजय चौकातल्या ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये दिसते आणि मग वर्षभर विसरले जाते. उत्तराखंडच्या गढवाल-कुमाऊँमध्ये मात्र ते लग्नाच्या वरातीत, देवाच्या डोलीपुढे आणि जत्रेत वाजते. ब्रिटिश फौजेतल्या स्कॉटिश पलटणींबरोबर ते भारतात आले. 1887 साली उभ्या राहिलेल्या गढवाल रायफल्सच्या आणि पुढे कुमाऊँच्या पलटणींतल्या जवानांनी ते आत्मसात केले आणि निवृत्तीनंतर ते गावात नेले. गावात ते हाती घेतले ते मुख्यतः पिढीजात ढोल-दमाऊ वाजवणाऱ्या बाजगी समाजाने. या समाजाला औजी किंवा दास असेही म्हणतात. गावगाड्यातले त्यांचे स्थान तळाचे. सुगीला मिळणारा धान्याचा वाटा, म्हणजे ‘डडवार’, हाच त्यांचा मोबदला. बलुत्यासारखीच ही पद्धत. देवाला जागे करण्याचे काम त्यांचे, पण पंगतीतली त्यांची जागा वेगळी. आज या वाद्याबद्दल गळे काढणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, ही गोष्ट आधी सांगायला हवी.

पौडी जिल्ह्यातल्या एका छोट्या बाजारगावी आम्ही चौघांनी ही स्पर्धा भरवली. एक निवृत्त शिक्षक, लष्करी बँडमधून निवृत्त झालेले एक सुभेदार, एक ढोलवादक आणि मी. महिना पौषाचा निवडला, कारण तेव्हा लग्नांचे मुहूर्त नसतात आणि वादक मोकळे असतात. कारण सांगायचे तर लांब जावे लागत नाही. 2001 ते 2011 या दशकात पौडी आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. राज्याच्या स्थलांतर आयोगाने 2018 च्या अहवालात 2011 नंतर पूर्णतः ओस पडलेल्या गावांचा आकडा दिला, तो 734 आहे. जे लग्नासाठी गावी परततात ते येताना डीजे घेऊन येतात. डीजेला जेवायला कुठे बसवायचे, हा प्रश्न कोणालाच पडत नाही.

अर्थसाहाय्यासाठी आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो. तेथील अधिकाऱ्याने सौजन्याने सांगितले की, लोकवाद्यांच्या यादीत मशकबीन नाही, कारण ते परदेशी आहे. हा युक्तिवाद आपल्या देशात जुना आहे. आकाशवाणीने 1940 साली परदेशी ठरवून बंद केलेले हार्मोनियम 1971 मध्ये पुन्हा दाखल करून घेतले. बाळुस्वामी दीक्षितरांनी कर्नाटक संगीतात रुळवलेल्या व्हायोलिनला आज कोणी परके म्हणत नाही. शिवाय कातड्याच्या पिशवीत हवा भरून ती नळीवाटे सोडण्याची कल्पना आपल्याला स्कॉटलंडने शिकवली असेही नाही. राजस्थानात भैरूजीचे भोपे मशक वाजवतात, आंध्रात ‘तित्ती’ आहे. ‘मशक’ हा शब्दच मुळी पखालीचा. हे सगळे मी त्या अधिकाऱ्याला ऐकवले. त्याने चहा मागवला. पैसे अर्थातच मिळाले नाहीत. ते पुढे वर्गणीतून जमले.

स्पर्धेची कल्पना मात्र खरोखरच आयात केलेली होती, आणि ती माझी होती. 1746 च्या कलोडनच्या पराभवानंतर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली टोळीप्रमुखांची सत्ता मोडली, तसा पाइपवादकांचा आश्रयही हळूहळू संपत गेला. तेव्हा लंडनच्या हायलँड सोसायटीने 1781 साली फॉल्कर्कच्या गुरांच्या बाजारात एकल वादनाची स्पर्धा भरवली. ‘पिब्रोख’ हा तिथला दीर्घ, गंभीर वादनप्रकार आजवर टिकला तो बव्हंशी अशा स्पर्धांमुळे. माझ्या टिपणात इतकेच होते. टिपणात जे नव्हते ते असे की, ही रचना पूर्वी विशिष्ट अक्षरांत गाऊन शिकवली जाई, आपल्याकडे तबल्याचे बोल शिकवतात तशी, आणि घराण्या-घराण्यांत तिची रूपे वेगळी असत. स्पर्धेला निकष लागतो. 1903 मध्ये स्थापन झालेल्या पिब्रोख सोसायटीने रचना छापल्या, परीक्षक ती छापील प्रत मांडीवर घेऊन बसू लागले आणि गुरूकडून वेगळे शिकलेला वादकही पदकासाठी पुस्तकातले वाजवू लागला. संगीत वाचले, पण त्याच्या फांद्या छाटल्या गेल्या.

आमच्याकडे पुस्तक नव्हते, परीक्षक होते. त्यांचे मतभेद पहिल्या तासातच उघड झाले.

इथे वाद्याबद्दल थोडे सांगायला हवे. बॅगपाइपच्या मुख्य नळीला नऊ सूर असतात. आपल्या भाषेत, मंद्र कोमल निषादापासून तार षड्जापर्यंत, साधारण खमाज थाटाचे. खांद्यावरच्या तीन नळ्या तानपुऱ्यासारख्या एकच स्वर धरून राहतात. पिशवीतली हवा थांबत नाही, त्यामुळे नाद तुटत नाही, लहान-मोठाही करता येत नाही. एकच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या सुराचा निसटता स्पर्श द्यावा लागतो. वादकाची सारी कारागिरी त्या स्पर्शांत असते.

सुभेदारसाहेबांनी शिस्तीप्रमाणे गुण दिले: सुरुवात स्वच्छ झाली का, तिन्ही नळ्या जुळल्या आहेत का, बोटे एकसारखी पडतात का. अकरा स्पर्धकांपैकी ज्यांनी फौजेत शिक्षण घेतले होते ते या कसोटीला उतरले. ढोलवादक परीक्षकांचा प्रश्न वेगळाच होता: हे कुठे वाजवायचे? वरात चढाला लागली, नदी ओलांडली, नवरी माहेर सोडून निघाली, यातल्या प्रत्येक टप्प्याला ढोलाचा ताल बदलतो आणि मशकबीनने त्याच्यामागे जायचे असते. प्रसंगच नसेल तर ती चाल बरोबर की चूक हे ठरवायचे कसे? एका तरुणाने सिनेमातले गाणे सफाईने वाजवले. सुभेदारांनी त्याला दहापैकी आठ दिले, ढोलवादकांनी दोन.

ते वृद्ध गृहस्थ आले तेव्हा सभागृह निम्मे रिकामे होते. त्यांच्या तीनपैकी दोन स्थिर नळ्यांत कापडाचे बोळे होते. सुभेदारांनी तिथेच गुण कापले. मी नंतर विचारले तेव्हा ते म्हणाले की, चार कोस डोंगर चढायचा तर तेवढी फुंक कुठून आणायची? त्यांनी नवरीच्या पाठवणीची चाल घेतली. तिसऱ्या मिनिटाला थांबले, कान देऊन ऐकत राहिले, मग पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबले. ते विसरले असे मला वाटले. ढोलवादक परीक्षकांनी माझ्या कानात सांगितले की, ते विसरले नाहीत. तिथे ढोलाचे आवर्तन येते आणि ते त्यासाठी जागा सोडत आहेत. त्यानंतर परीक्षक उठले, दाराशी ठेवलेला आपला ढोल गळ्यात अडकवून आले आणि नियमपत्रिकेचा भंग करून बसले.

सात मिनिटांची घंटा कोणी वाजवली नाही. दोघांनी मिळून किती वेळ वाजवले तेही कोणी पाहिले नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाच्या यंत्रावर मात्र तो एकवीस मिनिटे आहे.

पहिले बक्षीस पलटणीतून आलेल्या एका तरुण नाईकाला गेले, आणि ते योग्यच होते. त्याच्याइतका सुरेल दुसरा कोणी नव्हता. त्याने बक्षिसाचे पाकीट खिशात घातले आणि त्या वृद्धांना विचारले की, पाठवणीची चाल शिकवाल का? त्यांनी आधी त्याचे गाव विचारले, मग वडिलांचे नाव. जात कळण्याचा हा पहाडातला सभ्य मार्ग. तो बाजगी नव्हता. थोडा वेळ दोघेही गप्प होते. ‘‘ये,’’ म्हातारे म्हणाले, ‘‘पण लग्नात माझ्याबरोबर चालावे लागेल.’’ म्हणजे वाजंत्र्यांच्या ओळीत. नाईकाने लगेच होकार दिला नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही विचार केला असता.

फौज ही या वाद्याची सर्वांत मोठी शाळा होती. पंधरा-वीस वर्षे नोकरी करून वादक निवृत्तिवेतनासह गावी येई आणि चरितार्थाची काळजी नसल्यामुळे कोणाला तरी शिकवी. 2022 च्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची झाली. त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर कायम होतात. या धोरणाचा संरक्षणाच्या अंगाने काय परिणाम होईल, याची चर्चा जाणकारांनी पुष्कळ केली आहे. चार वर्षांत उत्तम पाइपवादक तयार होत नाही आणि तयार झालाच तर तो गावी शिकवायला नव्हे, दुसरी नोकरी शोधायला परततो, एवढेच मी त्यात घालू इच्छितो.

हिशेब मांडला तेव्हा वर्गणीतले नऊ हजार रुपये उरले होते. बक्षिसाची रक्कम वाढवावी, असे शिक्षकांचे मत पडले. सुभेदारांना मेरठहून चांगल्या रीड मागवायच्या होत्या, कारण निम्म्या स्पर्धकांच्या रीड फाटलेल्या होत्या. रीड मागवायचे ठरले. पुढच्या पौषासाठी नियमपत्रिकेतून वेळेची मर्यादा काढली आहे आणि ढोलाला मुभा दिली आहे. फलकावर ‘एकल’ हा शब्द तसाच राहील. फलक कापडी आहे, चांगला आहे आणि त्याचे पैसे दिलेले आहेत.