टाचणवहीवरची सही

मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये झेरॉक्स यंत्रापाशी केलेला एक प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. ‘पाचच पानं आहेत, आधी काढू का?’ असं विचारल्यावर ६० टक्के लोकांनी वाट दिली. ‘कारण मला झेरॉक्स काढायच्या आहेत’ ही पुस्ती जोडताच ९३ टक्क्यांनी. पुस्तीत कारण असं काही नव्हतंच. वाक्याचा साचा ओळखीचा होता, म्हणून माणसं बाजूला झाली. पानं वीस असली की मात्र ही पुस्ती उपयोगी पडेना.

अशा यांत्रिक वागण्याच्या उलट ती सजगता. लँगर यांच्या लेखी ती म्हणजे ध्यानधारणा नव्हे. समोर आज काय वेगळं आहे, ते टिपत राहणं. नववीच्या वर्गात ‘समजलं ना?’ला ‘हो सर!’ असा एकसुरी होकार येतो आणि शिक्षक पुढच्या धड्याकडे वळतात. तोही साचाच.

पण हा दोष एकट्या शिक्षकाचा का मानायचा? ओहायो स्टेट विद्यापीठाचे वेन हॉय यांनी सजगतेचा शोध शाळेच्या रचनेत घेतला. त्यांना आधार मिळाला कार्ल वाइक आणि कॅथलीन सटक्लिफ यांच्या कामाचा. विमानवाहू नौका किंवा अणुवीज केंद्रासारख्या ठिकाणी बारीकशी चूकही दडपत नाहीत आणि आणीबाणीत हुद्द्यापेक्षा जाणकाराचा शब्द चालतो, असं या दोघांनी दाखवलं होतं. हॉय आणि स्कॉट स्वीटलँड यांनी २००१ मध्ये शाळांच्या रचनेचे दोन प्रकार मांडले: अडचण सोडवायला हात देणारी आणि शिक्षा करून वठणीवर आणणारी. नियम दोन्हीकडे असतात. पुढे २००६ मध्ये हॉय आणि सहकाऱ्यांना शाळेची सजगता आणि शिक्षकांचा परस्परविश्वास हातात हात घालून चालताना आढळले. यातलं आधी कोणतं, हे अशा पाहणीतून ठरत नाही. निष्कर्षही शिक्षकांच्याच उत्तरांवर बेतलेले आहेत. तरी मला ते पटतात, कारण आपल्या माध्यमिक शाळांतली टाचणवही, म्हणजे शिक्षकाची पाठनियोजनाची वही, तेच सांगते.

एका शाळेत पर्यवेक्षक आठवड्याच्या टाचणावर न वाचता सही करतात. दुसरीकडे ते विचारतात, ‘काल अवयव पाडताना मुलं कुठे अडली?’ वही तीच, रकाने तेच. पहिल्या शाळेतला शिक्षक गेल्या वर्षीचं टाचण उतरवून काढतो. दुसऱ्या शाळेतल्याला वर्गाकडे पाहावंच लागतं. आणि फसलेला तास सांगितल्यावर ठपका येणार नाही, ही खात्री असेल तरच तो खरं उत्तर देतो.

मुख्याध्यापकांनो, पुढच्या शिक्षकसभेत परिपत्रकं वाचण्याआधी दहा मिनिटं फसलेल्या तासांसाठी ठेवा. पहिला तास तुमचा स्वतःचा सांगा.