सुटाबुटातला ऑडिटर मगनवाडीत!

दोस्तांनो, वर्धा म्हटलं की तुम्हाला सेवाग्राम आठवतं, पवनारचा विनोबांचा आश्रम आठवतो. पण खुद्द वर्धा शहरात मगनवाडी आहे, आणि तिथे वर्षानुवर्षं राबलेल्या एका ख्रिस्ती माणसाचं नाव किती जणांना ठाऊक असतं? जे. सी. कुमारप्पा!

जन्म ४ जानेवारी १८९२चा, तंजावरच्या ख्रिस्ती घरातला. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले. मुंबईत स्वतःची फर्म काढली. मग अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले. अभ्यासाला विषय घेतला सरकारी जमाखर्च आणि आपली गरिबी! इंग्रज सरकारचे आकडे तपासता तपासता या पक्क्या साहेबाची झोप उडाली.

९ मे १९२९. प्रबंध दाखवायला ते साबरमतीला गेले. अंगात रेशमी सूट, हातात काठी. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसला होता. हे काठीला रेलून बघत उभे! थोड्या वेळाने कळलं, तेच गांधीजी. मग काय, त्या महागड्या सुटासकट कुमारप्पा शेणाच्या जमिनीवर बसले. कुणीतरी खुर्ची आणली, ती त्यांनी घेतली नाही. पुढे सूट गेला, खादी आली.

खादी घातली म्हणून ख्रिस्त सोडला असं मात्र नाही, बरं का! उलट त्यांचा प्रश्न असा, की रविवारी चर्चमध्ये प्रार्थना करायची आणि सोमवारी दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन कमवायचं, हा कसला धर्म? तुमच्यातली बरीच मुलं आता दहावी-बारावीला असतील. चांगले मार्क, चांगली नोकरी, जमलं तर परदेश. हे मागण्यात वाईट काहीच नाही. कुमारप्पांनी तर ते सगळं मिळवलं होतं! आपली भाकरी आली कुठून, हे त्यांना त्याहून महत्त्वाचं वाटलं.

आणि हिशेब? तो त्यांनी सोडलाच नाही. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. मदतनिधीचे पैसे सांभाळायचं काम कुमारप्पांकडे आलं. कार्यकर्त्यांच्या जेवणाला रोजची रक्कम ठरलेली. गांधीजी आपल्या मंडळींसह आले, तर त्यांचा खर्च जास्त होणार. कुमारप्पांनी साफ सांगितलं, हा पैसा भूकंपग्रस्तांचा, त्यातून मिळणार नाही! प्रत्यक्ष गांधीजींना नाही म्हणायचं, म्हणजे काय छातीचं काम! गांधीजींनी ते मानलं. मला तर त्यांच्या सगळ्या पदव्यांपेक्षा हा एक नकार मोठा वाटतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि कुमारप्पा मगनवाडीत आले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ, खाद्य नसलेल्या तेलावर जळणारा मगनदीप... कोलंबियाचा पदवीधर दिवसभर या खटपटीत!

१९४२च्या लढ्यानंतर तुरुंगात असताना जबलपूरला त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या शिकवणुकीवर, दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. या दुसऱ्यात त्यांनी गंमतच केलीय. वाघ मारून खातो. माकड बागेतलं ओरबाडतं, लावत काहीच नाही. मधमाशी मध घेते, पण फुलालाही फळ धरायला मदत करते. शिवाय कमावते ती सगळ्या पोळ्यासाठी. आणि पक्षीण पिल्लांना भरवते, बदल्यात काहीही न मागता. माणसाची कमाईही अशीच पायरीपायरीची असते, असं त्यांचं म्हणणं. शेवटची पायरी सेवेची. तुम्ही-आम्ही बहुतेक माकडाच्या आसपास असू!

स्वातंत्र्यानंतरही मोठ्या पदाच्या मागे न लागता ते वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोहला शेतीचे प्रयोग करायला गेले. लग्न केलं नाही, मालमत्ता जमवली नाही. ३० जानेवारी १९६०ला, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच ते गेले.

मगनवाडीतलं मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ला गांधीजींच्या हस्ते उघडलं. ते आजही आहे. सुटीत वर्ध्याला गेलात तर सेवाग्रामच्या आधी तिथे उतरा. चरखे नि ग्रामोद्योगाच्या वस्तू निवांत बघा.