चुनखडीच्या माळावरील तरवड

गगनबावड्यावर वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेस शिरोळच्या वाट्याला जेमतेम पाचशेच्या आसपास येतो, या एका विषमतेनेच जिल्ह्याची माती आणि तिच्यावरील वनस्पतिसृष्टी घडविली आहे. काळ्या खडकाच्या झिजेतून सुटणारा चुना पश्चिमेस पाण्याबरोबर वाहून जातो व मागे तांबडा जांभा उरतो. पूर्वेस हा चुना जमिनीतच साकळून चुनखडीच्या पांढुरक्या खड्यांच्या रूपाने माळावर उघडा पडतो. महसुली दप्तरात पोटखराबा म्हणून नोंदलेल्या अशा जमिनीवर जे झुडूप विनातक्रार वाढते, ते तरवड.

माणसाच्या उंचीचे, तपकिरी सालीचे हे झुडूप शेंगावर्गी कुळातले. तथापि भुईमुगाप्रमाणे मुळांवर गाठी धरून हवेतील नत्र मिळविण्याची सोय त्याला नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे निकस भूमीवरील त्याचा टवटवीतपणा अधिकच आश्चर्यकारक वाटतो. पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णे असतात, आणि लिनियसने 1753 साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले ते याच लक्षणावरून. पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये एक बारीक ग्रंथी असते. फुले पिवळीधमक, पाच पाकळ्यांची. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ असतात, व उरलेल्यांचे परागकोश उभे न चिरता केवळ टोकाच्या छिद्रांतून उघडतात, त्यामुळे भुंग्याने फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरविल्यावाचून पराग बाहेर पडत नाहीत. नवरात्रात घटावर चढणारी तरवडाची माळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी एकदा हे फूल भिंगाखालीही अवश्य पाहावे.

गुरेढोरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, कारण त्याचे सर्व अंग तुरट. आणि चरून उजाड झालेल्या गायरानातही तो टिकून राहतो तो याच गुणामुळे. सालीत शेकडा पंधरा ते वीस इतके टॅनिन असते. दक्षिण आफ्रिकेतील वॅटल झाडाची साल आयात होऊ लागेपर्यंत मद्रास इलाख्यातील चर्मोद्योगाचा मुख्य आधार तरवडाचीच साल होती. कोल्हापुरी चपलेच्या कातड्यास प्रामुख्याने बाभळीची साल व हिरडा लागतो, परंतु त्याआधी केस सैल करण्यासाठी ते कातडे चुन्याच्या पाण्यात भिजत घालावे लागते. केस काढणारा चुना आणि कातडे कमावणारी साल, अशी या धंद्याची दोन्ही मूळ द्रव्ये एकाच माळावर सापडतात; अशा जमिनीला खराबा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.