इन्स्टाग्राम : आवड आणि निवड

ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले, तेव्हा त्यावर ओळखीच्या माणसांची छायाचित्रे दिसत आणि जे सर्वांत ताजे ते सर्वांत वर, असा सरळ हिशेब असे. २०१२ मध्ये फेसबुकने ही कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरना विकत घेण्याचा व्यवहार केला आणि २०१६ मध्ये कालक्रम मागे पडून त्याच्या जागी अल्गोरिदम आला, म्हणजे कोणाला काय आणि कोणत्या क्रमाने दाखवायचे हे ठरवणारी संगणकीय नियमांची मांडणी. भारतात जून २०२० मध्ये छोट्या चित्रफितींच्या टिकटॉक या ॲपवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात येथे इन्स्टाग्रामवर रील, म्हणजे तशाच छोट्या चित्रफिती, सुरू झाल्या आणि पडद्यावर आप्तमित्रांपेक्षा अनोळखी लोकांचाच राबता वाढला. अर्धा तास बोट सरकवूनही काही पाहिल्याचे समाधान नाही, ही आज सर्रास ऐकू येणारी तक्रार समजून घ्यायची, तर या बदलाकडे पाहावे लागते.

आवड ही मनातली गोष्ट असून यंत्राला तिथवर पोहोचता येत नाही. त्याच्या हाती लागतात त्या केवळ खुणा. रील किती वेळ पाहिली, तिला लाइक केले का, ती कोणाला पाठवली का, या खुणांना मोठे वजन असल्याचे इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी सांगितले आहे. घाटातल्या अपघाताची रील समोर येते, अंगावर काटा येतो, बोट थबकते आणि ती शेवटपर्यंत पाहिली जाते. हे थांबणे धास्तीचे होते की आवडीचे, हे यंत्राला कळत नसल्याने तसल्याच आणखी रील पाठोपाठ येऊ लागतात. याच्या उलट, एखादा पोवाडा नंतर निवांत ऐकू म्हणून दोन सेकंदांत पुढे सरकवला, की जे खरोखर हवे होते त्याचीच नोंद नकोसे म्हणून होण्याची शक्यता असते. म्हणून असा पोवाडा त्याच क्षणी ‘सेव्ह’ करणे, म्हणजे आपल्या खासगी संग्रहात ठेवणे, आणि अपघाताच्या रीलवर ‘नॉट इंटरेस्टेड’ हा पर्याय निवडणे, या दोन सवयी किरकोळ वाटल्या तरी उपयोगी पडतात. शिफारशी फारच भरकटल्या असतील, तर त्या पुसून नव्याने सुरुवात करण्याची सोय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. मात्र एकदा पुसलेले परत येत नाही आणि जुन्याच सवयी राहिल्या, तर पडदाही हळूहळू जुन्याच वळणावर जातो.

याहून मोलाची, पण दुर्लक्षित सोय मार्च २०२२ मध्ये आली. ‘फॉलोइंग’ या फीडमध्ये, म्हणजे सरकत जाणाऱ्या यादीत, ज्यांना फॉलो केले आहे त्यांचेच साहित्य ताजे आधी या क्रमाने दिसते, तर ‘फेव्हरिट्स’मध्ये स्वतः निवडलेल्या जास्तीत जास्त ५० खात्यांचे. भावंडे, शाळेतले सोबती, गडकोटांची छायाचित्रे टाकणारे दोन-तीन भटके, एखादा चित्रकार अशी यादी केली, तर ती पाहून संपते, आणि हे संपणे हाच तिचा खरा गुण म्हटला पाहिजे. ॲप उघडताच मात्र पुन्हा नेहमीचे फीड समोर येते आणि ही यादी दर वेळी मुद्दाम उघडावी लागते. कंपनीचे उत्पन्न जाहिरातींवर, म्हणजे पर्यायाने लोकांच्या रेंगाळण्यावर, अवलंबून असल्याने यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

इतरांच्या लाइकचे आकडे पाहून मन खट्टू होत असेल, तर २०२१ पासून ते झाकून ठेवता येतात. राहिला प्रश्न नातलगांचा, ज्यांच्या रोजच्या सुप्रभाती सुविचारांचा कंटाळा येतो, पण ज्यांना अनफॉलो केले तर पुढच्या लग्नकार्यात त्याचा जाब द्यावा लागतो. त्यांच्यासाठी ‘म्यूट’ आहे : नाते यादीत जसेच्या तसे राहते, सुविचार दिसायचे थांबतात आणि ज्यांना म्यूट केले त्यांना त्याची कोणतीही सूचना जात नाही.