रजा कुणाच्या आजारासाठी?

काही वर्षांपूर्वी पीथमपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी काम करणारे एक गृहस्थ माझ्या इंदूरच्या दवाखान्यात आले होते. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग, म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमिया, असल्याचे निदान होऊन सहा आठवडे झाले होते. उपचार मुंबईस चालू होते आणि मधल्या रक्ततपासण्या माझ्याकडे होत असत. मुलाची तपासणी संपल्यावर ते खाली मान घालून म्हणाले, ''डॉक्टरसाहेब, माझ्या नावानं काविळीचं एक सर्टिफिकेट द्याल का? मुलाच्या आजारासाठी आमच्याकडे रजा मिळत नाही.''

मी नकार दिला. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार खोटे प्रमाणपत्र देणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, आणि त्या नकाराची खंत मला आजही वाटत नाही. खंत आहे ती नकार देऊन मी तेथेच थांबलो याची. त्यांनी दुसरीकडून कागद मिळविला, तो उघडकीस आला आणि काम गेले. नवे काम शोधण्याच्या धावपळीत मुंबईच्या दोन फेऱ्या चुकल्या, मग गोळ्याही संपल्या. चार महिन्यांनी ते मुलाला घेऊन आले, तेव्हा रोग उलटला होता.

कर्करोगाच्या रुग्णाची नोकरी व आजारपणाची रजा यांविषयी आपण बोलतो, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर प्रौढ रुग्ण असतो. मुलाच्या कर्करोगात मात्र रुग्ण एक आणि रजा हवी असलेला दुसराच, अशी स्थिती असते. आपले बहुतेक रजानियम या दुसऱ्या व्यक्तीला ओळखतच नाहीत.

या आजाराचे उपचार साधारणतः दोन ते अडीच वर्षे चालतात, पण त्यांची मागणी सर्वकाळ सारखी नसते. पहिल्या महिन्यात रोग आटोक्यात आणण्याचे तीव्र उपचार असतात, आणि एका पालकाला मुलाची शुश्रूषा सोडून दुसरे काहीच करता येत नाही. पुढील काही महिने इंजेक्शने, मणक्यातून दिली जाणारी औषधे आणि वारंवार रक्ततपासण्या. या काळातील खरी अडचण ठरलेल्या तारखांची नसते. ती अवचित येणाऱ्या तापाची असते. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना ताप आला, तर तासाभराच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. तेथे ''उद्या साहेबांना विचारून येतो'' चालत नाही. त्यानंतरचा दीर्घ टप्पा मात्र बाहेरून अगदी सौम्य दिसतो : रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, अधूनमधून तपासणी. मूल खेळू लागते, शाळेत जाऊ लागते. आणि नेमक्या याच टप्प्यात पालक थकलेले, कर्जात बुडालेले आणि रजा संपलेले असतात. येथे खंड पडला की रोग परतण्याचा धोका वाढतो.

आता नियम पाहू. विमाधारक कामगाराला स्वतःला कर्करोग झाला, तर कर्मचारी राज्य विमा योजनेत, अंशदानाच्या अटी पूर्ण असल्यास, वेतनाच्या ८० टक्के लाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. साधारण आजारात तो ७० टक्के व वर्षाला ९१ दिवस असतो. (आमच्या शहरात कापडगिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा ही योजना घराघरांत ठाऊक होती, आज पांढरपेशांना तिचे नावही आठवत नाही.) त्याच कामगाराचे मूल आजारी पडले, तर योजनेत मुलावर उपचार होतात, पण बापाच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई होत नाही. कारखान्यातील पगारी रजा म्हणाल, तर दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस. केंद्र सरकारी नोकरीतील स्त्रियांना २००८ पासून संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. २०१८ मध्ये ती एकल पित्यालाही लागू झाली, परंतु पत्नी असलेल्या पित्याला नाही. शिवाय ती एका वेळी किमान ५ दिवस घ्यावी लागते; एका दिवसाच्या रक्ततपासणीसाठी ती उपयोगी पडत नाही. आणि आपल्या स्वतःच्या नर्सिंग होममधील आयाबाईंचे मूल असे आजारी पडले, तर त्यांना किती रजा मिळेल, हा प्रश्न आपण डॉक्टरमंडळींनी एकमेकांना क्वचितच विचारला असेल.

त्या प्रसंगानंतर मी एक पत्र तयार केले. निदान झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते पालकांच्या हाती देतो. त्यात मूल आजारी आहे आणि पालकाची उपस्थिती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे, हे सरळ लिहितो. मग तिन्ही टप्प्यांचा अंदाजे कालावधी, कोणत्या काळात सलग रजा लागेल, कोणत्या काळात आयत्या वेळी जावे लागेल आणि केव्हापासून महिन्यातील एखादा दिवस पुरेल, हे मांडतो. रोगाचे नाव लिहायचे की नाही, हे पालकांना विचारूनच ठरवितो. मुलगी असेल तर पुढच्या काळजीने पुष्कळजण नको म्हणतात. प्रमाणपत्रांच्या नोंदवहीत या पत्राचीही नोंद होते. जोडीला पालकांना एवढेच सांगतो, की सगळी रजा पहिल्या दोन महिन्यांत संपवू नका. आईबाप, आजी, काका यांच्यात पाळ्या लावा.

प्रत्येक ठिकाणी या पत्राचा उपयोग होतोच असे नाही. काही कार्यालयांनी ते न वाचताच परत केले. गेल्या वर्षी मात्र एका कारखान्याच्या पर्यवेक्षकांनी पत्र वाचून मला दूरध्वनी केला. त्यांचा प्रश्न एकच होता : ''हा रोग इतरांना लागतो का?'' लागत नाही, असे मी सांगितले. त्यांनी त्या पित्याला रात्रपाळीवरून काढून सकाळच्या पाळीत घेतले आणि तपासणीच्या दिवशी साप्ताहिक सुटी बदलून देण्याचे मान्य केले. त्या मुलीच्या गोळ्या अजून सात महिने चालायच्या आहेत.