फाटकाआडचा डेंग्यू

गेल्या पावसाळ्यात नवी मुंबईतील करावे येथे मुलीकडे आठ दिवस राहून आलो. करावे हे मूळचे आगरी-कोळ्यांचे खाडीकाठचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई वसू लागली आणि गावाच्या आसपास मोठमोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्या. मुलीच्या सोसायटीला उंच भिंत, फाटकावर वॉचमन. नाव, गाव, कोणाकडे जायचे, सारे वहीत लिहून घेतल्यावरच मला आत सोडले. आत बाग, कारंजे, सगळे कसे चकचकीत. आणि एकाच इमारतीत डेंग्यूचे दोन रुग्ण!

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे डास त्या खाडीतले." हा समज बऱ्याच जणांचा असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास मुख्यतः घरात व घराजवळ साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तो सहसा फार लांब उडतही नाही. दिवसा चावणारा हा डास बहुधा आपल्याच आवारात जन्मलेला असतो.

दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन फिरलो. बंद पडलेले कारंजे, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, तिन्हींत अळ्या वळवळत होत्या. त्यातली बशी माझ्याच मुलीच्या गॅलरीतली! डॉक्टरच्या मुलीची ही तऱ्हा, म्हणून इतरांना बोलायची सोय उरली नाही.

सोसायटी दर आठवड्याला धूर मारत होती. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करावीत. मात्र नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. कडा घासल्याच पाहिजेत. आपल्याकडच्या रांजणालाही हेच लागू.

त्या दोघांपैकी एका तरुणाचा ताप पाचव्या दिवशी उतरला. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला, तो कामावर निघायच्या तयारीत. पण पोट दुखत होते, दोनदा उलटी झाली होती. मी तडक रुग्णालयात पाठवले. डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच सर्वांत धोक्याचे. तेव्हा रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो आणि रक्तदाब घसरू शकतो. लोक मात्र प्लेटलेटचा आकडा धरून बसतात. तिकडे तो तरुण चार दिवस सलाईनवर होता, मग सुखरूप घरी आला.

तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. जलसंजीवनी, पेज, ताक घोटघोट देत राहावे. पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शौचास, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे किंवा रुग्ण मलूल होणे, यातले एकही लक्षण दिसले, तर ताप नसला तरी रात्रीसुद्धा रुग्णालय गाठावे.